पेटीतली सुपरवायझर

४ फेब्रुवारी, मंगळवार

कपाट आवरताना ही वही सापडली. शाळेतली, परीक्षेच्या वर्गावर बसताना मिळायची ती. पहिली अकरा पानं माझ्याच अक्षरात भरलेली, बाकी कोरी. प्रत्येक पानावर छापील रकाने: वेळ, काय आढळले, पर्यवेक्षकाचा शेरा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, वही घरी कशी आली हे कोणी विचारू नये. पण आज तिची गरज पडली, म्हणून लिहायला बसले आहे.

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "मी एक टॅरांटुला पाळावा म्हणतोय."

"म्हणजे तो केसाळ कोळी? तळहाताएवढा?"

"हो."

"कशाला?"

"असंच."

एकतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने 'असंच' काहीही केलेलं नाही. नवे बूट घ्यायचे तर आधी जुन्या बुटांचे तळ दोनदा उलटून बघणार. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा मांजराचं पिल्लू देऊ केलं, तेव्हा ह्यांनी 'जिवंत प्राण्याची जबाबदारी' ह्या विषयावर तिचा अर्धा तास घेतला होता. आणि आता म्हणे कोळी. कुठेतरी पाणी मुरतंय.

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण शाळेत माझं नाव होतं ते पहाऱ्यासाठी. माझ्या वर्गावर कॉपी करून कोणी सुटला, असं झालं नाही. नव्या शिक्षकांना मी एकच सांगायचे: पोरांच्या तोंडाकडे बघू नका, परीक्षेत तोंड सगळ्यांचंच घाबरलेलं असतं. हात बघा. चोरी हातात असते.

तर ह्यांचे हात. डाव्या हातात कप. उजवा हात पँटच्या खिशात. आपल्याच घरात, चहा पिताना, खिशात हात कोण घालून बसतं? आणि हे काही डावखुरे नाहीत. नोंद केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे खूळ कुठून आलं ते कळलं.

हे दातांच्या कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत ह्यांचं काम चालतं: प्लास्टरचे साचे, मेण, बारीक सुऱ्या, कपाटात ओळीने मांडलेले दुसऱ्यांचे जबडे. डॉक्टर मापं पाठवतात, हे कवळी करून देतात. पंधरा दिवसांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ घराबाहेर पडू शकत नाहीत म्हणून हे स्वतः कवळी द्यायला गेले होते. त्यांची मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि घरी मागच्या खोलीत टॅरांटुला वाढवते. कवळी बसवायला वीस मिनिटं लागतात. हे दोन तासांनी परत आले होते. तेव्हा मी विचारलं नाही, ही माझी चूक.

आज त्या बाईच्या हातचं दोन पानी पत्रक घरात आलं. 'नव्याने पाळणाऱ्यांसाठी.' पहिला कोळी जमिनीवर राहणारा घ्या, झाडावरचा नको, तो चपळ असतो. शक्यतो मादी घ्या, नर लवकर मरतात. हातावर घेण्याचा मोह टाळा. खाऊ लांब चिमट्याने द्या. हे मला वाचून दाखवत होते, पण इतक्या हळू आवाजात की मी चार वेळा "काय?" म्हटलं आणि पाचव्या वेळी ते चिडले. हल्ली बोलणं सगळं असंच. फोनवर तर नुसती कुजबुज. माणूस घरात कुजबुजायला लागला की समजावं.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, साठीला आलेला माणूस एकाएकी छंद धरतो ना, तेव्हा त्या छंदाला बहुतेक एक पत्ता असतो." मी तिला दोन शब्द सुनावून फोन ठेवला.

पण खरं लिहायचं तर, मी सगळ्या जगावर संशय घेत आले. दूधवाल्यावर, शेजारणीवर, मुख्याध्यापकांवर. फक्त ह्यांच्यावर कधी घेतला नाही. तेवढी एक जागा मी टेकायला ठेवली होती. तीही गेली तर मी काय करू, हे मला खरंच सुचत नाहीये.

९ फेब्रुवारी, रविवार

कोळीवालीकडे गेलो. मी म्हटलं, कोळी घरात येणार तर निवडायला मीही येणार. हे चटकन "चल की" म्हणाले. इतक्या चटकन का म्हणाले, हेही लिहून ठेवते.

बाई पन्नाशीची. केस आखूड, चष्मा डोक्यावर, अंगात प्रयोगशाळेचाच जुना पांढरा कोट. बाहेरच्या खोलीत तिचे वडील खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातात सूप होतं, आणि वाटी अशी थडथडत होती की बशीवर आवाज येत होता. बाई आमच्याशी बोलता बोलता गेली, वाटीखाली आपला तळवा धरला, वडिलांचं पिऊन झालं तशी परत आली. वाक्य कुठे तोडलं नाही. मी मनात म्हटलं, बाई थंड डोक्याची आहे, हिच्यापासून जपून राहायला हवं.

मागच्या खोलीत भिंतभर पेट्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: काय खाल्लं, कधी खाल्लं, कात कधी टाकली. अक्षर बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

तिने तीन कोळी दाखवले. पहिला निळा, झाडावरचा. दिसायला एखाद्या दागिन्यासारखा. मी पुढे वाकले तर तो दिसेनासा झाला. पळाला म्हणावं तर पळताना दिसला नाही, नुसता इथला तिथे झाला. "हा नको," मी म्हटलं. दुसरा काळा, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे, भलताच ऐटदार. बाई म्हणाली, "हा नर आहे. वर्षभर जगेल, फार तर दीड."

"मग तो कशाला दाखवलात?"

"देखणा आहे म्हणून बरेच जण हाच मागतात," ती म्हणाली. "मग वर्षाने रडत येतात."

तिसरी तपकिरी, गुबगुबीत, अंगभर कुरळे केस. मातीच्या ढिगाऱ्याशेजारी बसली होती. मी वाकले, टिचकी वाजवली, चष्मा काढून परत लावला. ढिम्म हलली नाही. बाई म्हणाली, "ही मादी. सात वर्षांची आहे, अजून पंधरा सहज काढेल."

"मादी कशावरून?"

मला वाटलं आता ही गडबडेल. तिने खणातून एक जुनी कात काढली, पाण्यात भिजवून बशीत उलगडली, भिंगाखाली ठेवली आणि पोटाच्या आतली बारीक घडी दाखवली. नराला ती नसते म्हणे. पुरावा मागितल्यावर लगेच पुरावा ठेवणारी माणसं मला नेहमीच आवडत आली आहेत. आज ती आवडायला नको होती.

"हातात चिमटा घेऊन बघा," ती ह्यांना म्हणाली. हे म्हणाले, "नको, हिला द्या. हिला एकटीला सांभाळता आली पाहिजे."

एकटीला! मी विचारलं, "का? तुम्ही कुठे चाललात?"

 कोळीवालीने ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांनी खाली पाहिलं. दोन बाकांवरची पोरं उत्तर पोचवताना नेमकं असंच करतात.

तपकिरी घेतली. निवड माझी, असं ठरलं. परतताना पेटी मांडीवर घेऊन मीच बसले होते. ह्यांचा हात खिशातच.

१० फेब्रुवारी, सोमवार

पेटी पुढच्या खोलीत ठेवली, साच्यांच्या कपाटाशेजारी. बसायच्या खोलीत का नाही, तर म्हणे उजेड जास्त.

हे अंघोळीला गेले तेव्हा पँटचा उजवा खिसा तपासला. काहीही नाही. चिठ्ठी नाही, किल्ली नाही, साधा रुमालसुद्धा नाही. रिकाम्या खिशात माणूस दिवसभर हात घालून बसत नाही. म्हणजे वस्तू आधीच हलवलेली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज तिला पहिला रातकिडा दिला. ह्यांनी तिचं नाव ठेवलंय. म्हणाले, "दिवसभर एका जागी बसते, बोलत काही नाही, आणि कोणी जरा हललं की झेपावते. सुपरवायझर म्हणू या." मला हसू आलं. माझ्याशी इतकं गोड बोलायचं आणि मागे काहीतरी शिजवायचं, हे जमतं कसं?

खाऊ मीच दिला. किडा सोडला, तिने दोन पावलं टाकून गपकन धरला. नंतर उरलेली तंगडी काढायला मी चिमटा आत घातला, अगदी तिच्या नाकासमोर. हलली नाही. मला जरा अभिमानच वाटला.

मग ह्यांनी चिमटा घेतला. रिकामा. डाव्या हाताने नाही, उजव्याने. मी मागे उभी होते, ह्यांच्या पाठीमुळे नीट दिसलं नाही. पण सुपरवायझरने अशी झेप घेतली की चिमट्याचं टोक काचेवर आपटलं. हे एकदम पांढरे पडले. मग हसले आणि म्हणाले, "मी आवडत नाही वाटतं तिला."

मुक्या प्राण्यांना माणसातलं खोटं कळतं, असं माझी आजी म्हणायची. मी तेव्हा आजीला हसायचे.

अकरा वाजता ह्यांनी डॉक्टरांना फोन करून सर्दीचं कारण सांगितलं आणि आलेलं काम परत पाठवलं. मी दिवसभर कान देऊन होते. एक शिंक नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रोज सकाळी पाच मिनिटं हे पुढच्या खोलीचं दार लावून घेतात. आज मी बाहेरच्या खिडकीशी जाऊन बघितलं. ह्यांनी पेटीचं झाकण उघडलं, रिकामा चिमटा आत धरला, बाहेर काढला, झाकण लावलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी लिहिलं.

हे बाजारात गेल्यावर कॅलेंडर पाहिलं. रोजच्या चौकोनात एक खूण: कधी बरोबर, कधी फुली. फुल्याच जास्त. खाली अक्षरं आहेत, पण इतकी बारीक की भिंग लावूनही लागत नाहीत. ह्यांचं अक्षर चांगलं टपोरं होतं, मेणाच्या साच्यांवर लिहिलेलं लांबून वाचता यायचं. आता मुंगीच्या पायाएवढं लिहितात. मला वाचता येऊ नये म्हणून, दुसरं काय?

फुलीच्या दिवशी हे काम घेत नाहीत आणि गप्प असतात. बरोबरच्या दिवशी काम घेतात आणि बोलतात. माझा अंदाज असा की 'बरोबर' म्हणजे तिच्याशी बोलणं झालं, 'फुली' म्हणजे झालं नाही.

२ मार्च, रविवार

हे लिहायची लाज वाटतेय, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

काल रात्रीपासून डोक्यात आलं होतं की लपवायला उत्तम जागा म्हणजे ती पेटी. कोळ्याच्या बुडाखालची माती कोण उकरणार? चिमटा आत घालायचं निमित्त रोज आहेच. आज हे केस कापायला गेले आणि मी मोठा चमचा घेऊन पेटीशी बसले. एका बाजूने सगळी माती उकरली. चिठ्ठी नाही, काही नाही. सुपरवायझरने माझ्याकडे पाठ केली, मागचे पाय पोटावर भराभर घासले, आणि पाच मिनिटांत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले. पोटावरचे केस उडवते ती. पत्रकात लिहिलंय. मी ते वाचलं होतं आणि तरी हात घातला.

हे घरी आले तेव्हा मी हात थंड पाण्यात बुडवून बसले होते. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "साबण बदलला, तो लागला." ह्यांनी पेटीकडे बघितलं, सपाट झालेल्या मातीकडे बघितलं, आणि मलम आणून दिलं. लावून मात्र दिलं नाही. पूर्वी लावून दिलं असतं. नळी टेबलावर ठेवली आणि हात परत खिशात.

तेव्हा मला रडू आलं. खाजेमुळे डोळ्यात पाणी आलं असं त्यांना वाटलं असावं.

९ मार्च, रविवार

सुपरवायझर आठवडाभर काही खात नाही. किडा अंगावरून गेला तरी बघत नाही. पत्रक काढून वाचलं: कात टाकायच्या आधी महिनाभरसुद्धा खात नाहीत, कशावरही झेपावत नाहीत, पोटाचा रंग काळपट होतो, छेडू नये. पोट काळपट दिसतंच आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही.

काळजी दुसरीच आहे. कॅलेंडरवर ओळीने सहा 'बरोबर'. सहा दिवस रोज! हे सकाळी खोलीतून शीळ घालत बाहेर येतात. आज माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अगं, सगळं ठीक होणार बघ." डॉक्टरांकडून मोठं काम घेतलंय, एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची वरची-खालची पूर्ण कवळी. दीड महिना हे असलं काम टाळत होते.

इतका आनंद मी ह्यांना कशाने दिला आहे, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर: कशानेही नाही.

दुपारी पुढच्या खोलीत मेण करपून धूर झाला. मी स्वयंपाकघरातून वासाने धावत गेले, तर हे शेजारीच मान खाली घालून दात मांडत बसले होते. "तुम्हाला वास नाही आला?" "नाही गं." नाक शाबूत असलेल्या माणसाला फुटावर जळणारं मेण कळत नाही, म्हणजे मन तिथे नाहीच.

२१ मार्च, शुक्रवार

आज ह्यांच्या मागे गेले. हो, गेले. "प्लास्टर आणतो" म्हणून निघाले आणि थेट कोळीवालीच्या गल्लीत वळले. चालताना डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. पाय जरा घासत होते, आपल्याच नादात असलेल्या माणसासारखे.

तिचं दार उघडं होतं. मी समोरच्या झाडाआड उभी राहिले. ह्या वयात झाडाआड.

टेबलाशी दोघं बसली होती. ह्यांचा उजवा हात टेबलावर होता. खिशाबाहेर! आणि त्या बाईने तो आपल्या दोन्ही हातांत धरला होता. काहीतरी बोलत होती, हे मान हलवत होते, आणि ती हात सोडत नव्हती.

मी घरी कशी आले आठवत नाही. हे तासाभराने आले, प्लास्टरची पिशवी घेऊन. मी विचारलं, "मिळालं?" म्हणाले, "मिळालं." जेवायला वाढलं. जेवले. भांडी घासली. भांडण करायचं म्हणून तीन वेळा तोंड उघडलं, पण एकदा विचारलं की उत्तर येणार, आणि ते उत्तर मला ऐकायचं नाही. अख्ख्या वर्गाला चळाचळा कापायला लावणारी मी, आणि एका प्रश्नाला घाबरले आहे.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांचा फोन आला, मी उचलला. गाणाऱ्या बाईंची कवळी परत येतेय. खालचे आणि वरचे दात जुळत नाहीत, हिरड्या सोलवटल्या, बाईंना तोंड उघडवत नाही. डॉक्टर म्हणाले, "ह्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

निरोप दिला. हे म्हणाले, "प्लास्टर खराब होतं." आणि मग बराच वेळ कॅलेंडरसमोर उभे राहिले. तिथे आता ओळीने पंचवीस 'बरोबर' आहेत. प्रेमात पडलेल्या माणसाचं कामावरचं लक्ष उडतं, हे पोरांचं पाहिलं होतं. साठीतही तसंच दिसतं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी सुपरवायझर उताणी पडलेली. आठही पाय वर. मी किंचाळले. हे धावत आले, बघितलं आणि कुजबुजले, "हात लावू नकोस. कात टाकतेय."

दोन खुर्च्या आणून आम्ही पेटीसमोर बसलो. चार तास. छातीवरचं कवच झाकणासारखं उघडलं आणि ती आपल्याच पायांमधून आपले पाय ओढून काढायला लागली. इतकं हळू की हलतंय असं दिसत नव्हतं, फक्त दर वेळी बघावं तर थोडं जास्त झालेलं असायचं.  मध्येच ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. इतकं जवळ आम्ही कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो.

हे म्हणाले, "हिचा एखादा पाय तुटला असता ना, तर तोही नवा आला असता. दर कातीला थोडा थोडा वाढतो. त्या सांगत होत्या."

'त्या'! झालं, माझं मन उडालं. पण आवाज असा होता की भांडावंसं वाटलं नाही. मी नुसतं म्हटलं, "माणसाचं बरं नसतं असं."

"नसतं," हे म्हणाले.

१२ एप्रिल, शनिवार

सगळं लिहिते. हळूहळू लिहिते.

कात टाकल्यावर बारा दिवस तिला खायला द्यायचं नव्हतं. दात नवे असतात, कच्चे. आज पहिला दिवस. मी म्हटलं, "मी समोर बसणार." हे नको म्हणत होते. मी खुर्ची सरळ पेटीच्या पलीकडे ठेवली. म्हणजे आमच्या मध्ये काच, काचेमागे ती, आणि तिच्यामागे ह्यांचा हात. दोन महिन्यांत पहिल्यांदा पाठ आड नव्हती.

ह्यांनी रिकामा चिमटा आत धरला. ती झेपावली. ह्यांनी बाहेर काढला, दोन मिनिटं थांबले, श्वास घेतला, परत धरला. ती परत झेपावली, ह्या वेळी चिमट्याला लटकलीच. ह्यांनी तिला हळूच खाली टेकवलं, चिमटा टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. परीक्षेत पेपर कोरा ठेवून बसलेलं पोर असं डोळे मिटतं.

मी चिमटा घेतला. का घेतला, ठाऊक नाही. आत धरला. ती शांत बसून राहिली, पायसुद्धा उचलला नाही.

तेव्हा मी टेबलावरच्या ह्यांच्या हाताकडे बघितलं. नुसता ठेवलेला होता. आणि अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, बारीक, सारखं, मेणाची गोळी वळावी तसं. मेण नव्हतं. मी बघतेय हे कळताच हात खिशाकडे निघाला.

"राहू द्या," मी म्हटलं.

खिशात काही नव्हतंच. हातच लपवला होता. जी बाई आयुष्यभर हात बघा, हात बघा म्हणत आली, तिने खिसा तपासला, माती उकरली, झाडामागे उभी राहिली. आणि हात बघितला नाही. मला माझीच शिसारी आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कवळी द्यायला गेलो होतो तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, चिमटा धरून बघा, गंमत असते. मी धरला तर कोळी झेपावला. त्या म्हणाल्या, त्याला जिवंत किडा वाटला. मग त्यांनी माझा हात बघितला. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, डोळ्यांना दिसायच्याही आधी."

"आणि डॉक्टर?"

"हिंमत झाली नाही. म्हटलं, घरात एक कोळी आणू. रोज सकाळी बघू. झेपावला नाही तर हात ठीक. काम करायचं. झेपावला तर त्या दिवशी नाही करायचं." मग म्हणाले, "मार्चमध्ये महिनाभर ती हलली नाही. मला वाटलं, गेलं. बरा झालो."

"अहो, ती खातच नव्हती! कात टाकायच्या आधी ती कशावरच झेपावत नाही. पत्रकात लिहिलंय की."

"वाचलं होतं," हे म्हणाले. "पण कवळी परत येईपर्यंत मनाला पटवून घेतलं नाही."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" आवाज चढला होता माझा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या नजरेतून आजवर कोणी सुटलं नाही. रोज वाटायचं, आज पकडशील. तू काही म्हणत नाहीस तर मी समजायला लागलो की मग नसेलच काही."

 मी पेटीला वळसा घालून गेले आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला, त्या बाईने धरला होता अगदी तसा. बोट माझ्या तळव्यावर चालतच राहिलं.

१३ एप्रिल, रविवार

कोळीवालीला फोन केला. झाडामागचं सगळं सांगितलं. ती हसेल वाटलं होतं, हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला सांगा म्हणून दर वेळी त्यांच्याशी भांडत होते मी." तिने एका डॉक्टरांचं नाव दिलं, वडिलांचा कंपवात बघतात ते. बारीक झालेलं अक्षर, हळू आवाज, वास न येणं, घासणारे पाय, सगळं त्यातलंच असतं म्हणे. मंगळवारची वेळ मिळाली.

धाकटीला अजून सांगितलं नाही. आधी तिने माफी मागायला हवी की मी, ते ठरवायचंय.

१५ एप्रिल, मंगळवार

दहाला निघायचं होतं. कपडे करून हे पुढच्या खोलीत गेले, दार उघडंच ठेवलं. मी आत गेले तर पेटीसमोर चिमटा घेऊन उभे.

"आज कशाला?" मी म्हटलं. "आज खरा निकाल आहेच."

"शेवटचं," हे म्हणाले.

मी मागे उभी राहून त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, घट्ट. दोघांनी मिळून चिमटा आत नेला. त्यांचा हात माझ्या मुठीखाली खरंच थांबला होता, मला जाणवत होतं. आणि तरीही सुपरवायझरने उडी मारून चिमटा धरला.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"अगं," हे हळूच म्हणाले, "ह्या वेळी माझा नव्हता. तुझा कापतोय."

मी म्हटलं, "हो."

कॅलेंडरवर आजच्या चौकोनात फुली मी काढली. मग ह्यांचा कोट धरला, आधी उजवी बाही चढवली, आणि आम्ही निघालो.